प्राणी मोजके, थांबा मोठा

प्राणिसंग्रहालयाची सहल फसते ती बहुधा एकाच हव्यासापायी: आलोच आहोत तर सगळं दाखवू. मग चाळीस मुलं एका पिंजऱ्यासमोर जेमतेम दोन मिनिटं उभी राहतात. पुढच्यांना वाघाची शेपटी दिसते, मागच्यांना पुढच्यांची दप्तरं. सहा-सात प्राणीच निवडावेत आणि प्रत्येकापाशी दहा मिनिटं थांबावं.

क्रम नकाशावरून न लावता प्राण्यांच्या सवयींवरून लावावा. सिंह दिवसाचे वीस तासही लोळून काढतो, त्यामुळे वाघ-सिंह सकाळच्या गारव्यातच उरकावेत. मगर आणि कासवं ऊन पडल्यावर अंग शेकायला बाहेर येतात. आ वासून पडलेली मगर चिडलेली नसते, अंगातली उष्णता तोंडावाटे बाहेर टाकत असते. हे आधी सांगितलं की मुलं उगाच किंचाळत नाहीत. निशाचरांच्या दालनात उन्हातून थेट शिरलं तर काहीच दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत पाच-सात मिनिटं गप्प उभं राहायचं, टॉर्च लावायचा नाही.

प्रश्नपत्रिका द्यायची तर पाटी वाचून सुटणारे प्रश्न टाळा. मुलं पाटी उतरवून घेतात आणि प्राण्याकडे पाठ फिरवतात. त्याऐवजी विचारा: जिराफ पान कशाने ओढतो? हत्ती सोंडेनेच पाणी पितो, की सोंडेतून तोंडात ओततो? साप पापणी मिटतो का? (त्याला पापण्याच नसतात; शोधू द्या.) पेन्सिल दोरीने पुठ्ठ्याला बांधा, नाहीतर ती हमखास खंदकात पडते. एखादा प्राणी त्याच वाटेवर सारखा येरझारा घालत असेल आणि मुलांनी कारण विचारलं, तर ‘व्यायाम करतोय’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. बंदिवासातल्या कंटाळ्याचं किंवा ताणाचं ते लक्षण असू शकतं.

मोठ्या मुलांच्या दहाजणांमागे एक शिक्षक चालतो, लहानांच्या पाच-सहांमागे एक हवाच. मोजणी बसमधून उतरल्यावर, प्रत्येक दालनाबाहेर आणि बस सुटण्याआधी. स्वच्छतागृहानंतर तर नक्कीच, कारण मुलं मागे राहतात ती तिथेच. छातीवर नाव लावू नका. कोणीही परका नावाने हाक मारू शकतो. मनगटाच्या पट्टीवर आतून शिक्षकांचा फोन नंबर लिहा. चुकलेल्या मुलाने शोधत फिरायचं नाही, आहे तिथेच थांबायचं किंवा जवळच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. डबे माकडांपासून लांब, आणि पिशव्या मोजून परत घ्या: वाऱ्याने पिंजऱ्यात गेलेलं प्लॅस्टिक प्राणी गिळतात.