पाटीवर नसलेले देणगीदार

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा संपादक मंडळाने विषयही ठरवून ठेवला होता: शाळेचे देणगीदार. माझी सगळी नोकरी जमाखर्चाच्या वह्यांत गेली, त्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. ऑफिससमोरच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवरची नावं उतरवून घ्यायची, कृतज्ञतेचे दोन शब्द जोडायचे, लेख तयार, असा त्यांचा साधा हिशेब. मी गेलो, नावं उतरवली. कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ पंखे दिलेत, कुणी आखातातून पैसे पाठवून प्रयोगशाळेची फरशी करून दिली आहे. त्यांचं ऋण आहेच, आणि त्यांची यादी या अंकात वेगळी छापली आहे. पण मी शिकत होतो तेव्हा शाळा ज्यांच्या जिवावर चालली, त्यांतलं एकही नाव मला त्या भिंतीवर सापडलं नाही. म्हणून हा लेख त्यांच्यावर. नावं इथेही देत नाही. बरेच जण आता नाहीत, आणि जे आहेत ते ‘नाव कशाला छापलंस’ म्हणून मलाच सुनावतील.

मी १९८९ च्या दहावीचा. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडायचं होतं. महानगरपालिका नव्हती, ग्रामपंचायत होती. शाळा चर्चची, आणि वसई धर्मप्रांतसुद्धा १९९८ चा, आमच्या वेळी चर्चचा कारभार मुंबई महाधर्मप्रांतातून चालायचा. वसईच्या नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव या सगळ्या पट्ट्यात केळी, पानवेली, फुलं, भाजी आणि वाडीगणिक विहीर. वर्गात कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती मुलं जास्त, मग आम्ही भंडारी, काही पाचकळशी, काही कोळी, एखाददुसरं मुसलमानाचं घर आणि पाड्यांवरची आदिवासी मुलं. शिकवणं मराठीत, मधल्या सुट्टीतली भांडणं कादोडीत, म्हणजे कुपारींच्या बोलीत. भांडण्यापुरती ती मला अजूनही अस्खलित येते.

एक गैरसमज आधी मोडतो, कारण तो बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांच्याही डोक्यात पक्का होता. मिशनची शाळा म्हणजे परदेशातून डॉलर येत असणार! शाळा अनुदानित होती. शिक्षकांचे पगार सरकारकडून यायचे. वेतनेतर अनुदान मात्र तुटपुंजं, आणि तेही यायचं तेव्हा यायचं. खडू, फळे, बाक, कौलं, पंपाची दुरुस्ती, मुतारीची भिंत, शिपायाचा जादा वेळ, हे सगळं कुणीतरी भागवायचंच. ते कुणीतरी म्हणजे गाव. या गावांना ही सवय आधीपासूनची होती. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवायला कॅथॉलिक पतसंस्था काढली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. थोडंथोडं काढून एकत्र ठेवायचं आणि अडलेल्याला द्यायचं, हे आमच्या गावाला कुणी व्याख्यान देऊन शिकवावं लागलं नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. बाबा नारळ पाडायचे, ताडीही काढायचे. आम्ही चार भावंडं, चौघंही याच शाळेत. ई. बी. सी.चा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या फीसवलतीचा, फॉर्म भरला तरी सत्र फी, वह्या, गणवेश असं काही ना काही उरायचंच. शाळेच्या आवारात माड होते. हेडमास्तर फादरांनी बाबांना बोलावून सांगितलं, माड तुम्ही पाडा. बाबा म्हणाले, पाडतो, पण पोरांच्या शाळेकडून पैसे घेणार नाही. फादर म्हणाले, मग मला दुसरा माणूस बघावा लागेल, फुकटात काम करून घेणं मला जमणार नाही. दोघेही हट्टी. शेवटी क्लार्कने तोड काढली. पाडणावळ खर्ची टाकायची, तेवढीच रक्कम आमच्या फीपोटी जमा धरायची. व्हाउचरवर बाबांचा अंगठा, फीच्या पावतीवर फादरांची सही. एक पैसा इकडून तिकडे गेला नाही आणि दोन्ही बाजूंची वही जुळली. पुढे मी बँकेत असल्या शेकडो नोंदी केल्या, पण इतकी स्वच्छ नोंद फार थोड्या वेळा बघितली.

पाडणी बहुधा आमच्या गणिताच्या तासाला यायची. बाबा पायांत काथ्याचा फास अडकवून, कमरेच्या आकडीत कोयता खोचून चढायचे. वर पोचले की आधी सुकी झावळी खाली टाकायचे, म्हणजे खालच्यांनी बाजूला व्हावं. मग घड. धप, धप, धप. वर्गातली सगळी पोरं मनात मोजायची आणि सरांच्या लक्षात यायचं की समीकरणाकडे कुणाचंही ध्यान नाही. एकदा सरांनी सरळ फळ्यावर लिहिलं: एका माडाचे इतके, तर आवारातल्या सगळ्या माडांचे किती? उत्तर सगळ्यांचं चुकलं, कारण खिडकीच्या आड असलेला माड कुणी धरलाच नव्हता. त्या नारळांतले काही चर्चच्या सणाला जायचे, बाकीचे विकून शिपायाला बोनस. हे मला पुढे क्लार्ककडूनच कळलं.

कौलं चाळण्याचं काम मे महिन्यात. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपता संपता फादर सूचना वाचायचे: आज अमुक आळीची पाळी. मिस्सेचे कपडे बदलून माणसं तासाभरात छपरावर. फुटकी कौलं काढायची, वाळवी लागलेल्या रिपा बदलायच्या, कोन्यांत चुना भरायचा. आमच्या आळीला चर्चमधली सूचना ऐकू जायची नाही, पण कुणीतरी सायकलवरून येऊन सांगून जायचं. माझे काका दरवर्षी जायचे आणि दरवर्षी घरी येऊन शिव्या घालायचे, की या लोकांना रिपेला खिळा कुठे मारायचा ते कळत नाही. पुढच्या मेमध्ये काका परत छपरावर. दुपारी बायकांकडून पेज आणि सुकट यायची. सगळ्यांचं जेवण पारावर, एकाच पंगतीत. १९८० च्या सुमाराला ही गोष्ट सगळ्याच गावांत होत होती असं समजू नका.

बायांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आपल्या गावची भाजी, फुलं, केळीची पानं दादरला जायची आणि नेणाऱ्या बहुतेक बायाच. मध्यरात्र उलटली की टोपल्या टेम्पोत चढायच्या, वसई रोड स्टेशन, तिथून पहाटेची पहिली गाडी. या बायांची पोरं सकाळी उठायची तेव्हा आई दादरच्या फुटपाथवर बसलेली असायची. कुणी वेणी घालणार नाही, कुणी डबा भरणार नाही. शाळा भरायच्या बऱ्याच आधी प्राथमिकच्या व्हरांड्यात मंगळूरकडच्या एक सिस्टर बसलेल्या असायच्या. शेजारी खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा, लाकडी फणी, लाल रिबिनींची गुंडाळी. एकामागून एक मुलगी यायची, पाठ करून बसायची, दोन वेण्या घालून वर्गात जायची. आमची आई घरीच असायची तरी माझी बहीण त्या रांगेत बसायची, कारण सिस्टर वेण्या घट्ट घालायच्या. शेजारच्या बाया भाकरीचा एखादा चतकोर जास्तीचा पाठवायच्या, तो कुणाला जायचा हे त्यांना ठाऊक नसायचं, विचारायच्याही नाहीत. त्या रिबिनी येत कुठून? फुलवाल्या बाया दादरहून आणून द्यायच्या. गजऱ्यांच्या धंद्यातल्या त्या, होलसेलचं दुकान त्यांना माहीत.

धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला आणि आम्ही बाकीचे चित्रकलेच्या सरांबरोबर आंब्याखाली. कागदोपत्री तो मूल्यशिक्षणाचा तास होता. प्रत्यक्षात आम्ही आंबा काढायचो, कधी पेन्सिलीने तर कधी दगडाने. कार्तिकात निर्मळला शंकराचार्यांच्या मंदिराची यात्रा असते, तेव्हा शाळा सुट्टी देऊन टाकायची. दिली नसती तरी वर्गात कुणी आलं नसतं, कारण ख्रिस्ती मुलांच्याही घरची सुकेळी तिथेच खपायची. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानांत बांधलेले ते पुडे बघितले की मला अजून सहामाहीचा निकाल आठवतो, दोन्ही एकाच सुमाराला यायचे.

सगळंच गोड होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पाड्यांवरची मुलं पहिलीत आमच्याबरोबर बसली आणि सातवीपर्यंत त्यांतली फार थोडी उरली. वीटभट्टीचा हंगाम लागला की घर उठून जायचं आणि मुलाचं नाव पटावर नुसतं राहायचं. आमच्यासाठी छपरावर चढणारं गाव त्यांच्या मागे कधी गेलं नाही. फादर एकदोनदा जीप घेऊन भट्ट्यांवर गेले होते, काही मुलं परत आणलीही, पण ती एका माणसाची धडपड होती. गावाचा हात आपापल्या आळीपर्यंत लांब आणि त्यापुढे आखूड. जमाखर्च लिहायचाच तर ही बाजूही लिहिली पाहिजे.

दहावीच्या वर्षाला रात्रीच्या अभ्यासिकेवाचून अर्थ नव्हता. जानेवारीपासून मुलगे शाळेत झोपायचे, मुली कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये. वीज जायची तेव्हा कंदील. चहाची पाळी घरांवर लावलेली, कुणाच्या घरून किटली येणार ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं. ज्या घरात दहावीचं कुणी नाही, ज्यांना मूलबाळच नाही, त्यांनीही पाळी मागून घेतली होती. पहाटे चारला उठवायचं काम वाडीला पाणी लावायला निघालेल्या एका शेतकऱ्याचं. तो खिडकीच्या गजांवर बॅटरी आपटायचा आणि प्रत्येकाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारायचा. माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत झालं नाही.

त्याच वर्षांत वसईत पाण्याचं आणि जमिनीचं रण पेटलं होतं. १९८८ मध्ये हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आघाडीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. टँकर वाडीतल्या विहिरींतून पाणी उपसून इमारतींना नेत होते. किनाऱ्याजवळ गोडं पाणी जास्त उपसलं की खालून समुद्राचं पाणी आत सरकतं, आणि एकदा विहीर खारी झाली की पानवेल पहिली मरते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी हे पुस्तकातून शिकवलंच नाही. प्रत्येकाने घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणायचं. परीक्षानळ्या रांगेत लावल्या, प्रत्येकीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पाण्यात जितकं मीठ, तितका पांढरा साका दाट. काही नळ्यांत नुसता धुरकट रंग आला, समुद्राकडच्या दोन आळ्यांच्या नळ्यांत दूध ओतल्यासारखं झालं. वर्ग गप्प. ज्याची नळी सगळ्यात पांढरी झाली त्याच्या घरची विहीर टँकरला दिलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. सर त्याला काही बोलले नाहीत. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, वर्षभराची बाटली त्या एका तासात निम्मी संपली. पुढच्या आठवड्यात नवी बाटली आली, ती कुणी आणली याची नोंद मी ऑफिसात शोधली. सापडली नाही.

निकाल लागला, आम्ही पांगलो. कुणी वर्तक कॉलेजला, कुणी आय. टी. आय.ला, कुणी आखातात. त्यावर इतर जण लिहितीलच.

आजचं थोडं. मराठी माध्यमाचे वर्ग आता रोडावलेत, सगळ्यांना दिसतंय. याचा दोष पालकांना देऊन आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. ज्या घरांना शाळा आपली वाटावी म्हणून कौलं चाळायला बोलवायचे, त्या घरांना आता फक्त फी भरायला बोलावतात. स्लॅब घातला, कौलं गेली, बरं झालं, गळती थांबली. पण छपराबरोबर बोलावणंही गेलं. पटावर आज जी मुलं आहेत त्यांत पाड्यांवरची आणि बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांची बरीच आहेत. म्हणजे ज्यांच्यापर्यंत आमचं गाव तेव्हा पोचलं नाही, तीच आता शाळा चालवताहेत. त्यांच्या आया पहाटे दादरला जात नाहीत, इमारतींत धुणंभांडी करायला जातात, वेण्या घालायला मात्र आजही घरी कुणी नसतं.

आमच्या बॅचने गेल्या वर्षीपासून या मुलांच्या रिक्षाचं भाडं उचललंय. पैसे जमतात, माणसं जमत नाहीत, ही खरी अडचण. सकाळी शाळा भरायच्या आधी तासभर व्हरांड्यात बसेल असं कुणी हवंय, अभ्यास घ्यायला किंवा नुसतं बसायला. निवृत्त झालेल्यांनी टीव्हीसमोरून उठायला हरकत नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मी ऑफिसात असतो, आमच्या आळीतल्यांनी देवळात जाऊन येऊनही यावं. वही नवीन घातली आहे, पाळ्या लावायच्या आहेत. चहाची किटली कुणाच्या घरून, तेही त्यातच लिहू.