आधी खालचं विचारा

मागच्या अंगणातलं कोर्ट बघायला जो येतो तो आधी वाकतो, कृत्रिम गवतावरून हात फिरवतो आणि मग विचारतो, "टर्फ कुठलं बसवलंत?" पूर्वी मी लगेच सांगायचे : पॉलिएथिलीनचं, १५ मिलिमीटर उंचीचं. आता मीच उलट विचारते, "खाली काय घालणार आहात?" त्यावर लोक जरा गोंधळतात. खाली काय असणार, जमीन!

नुसत्या जमिनीवर अंथरलंत तर ती सतरंजी. खालचा प्रत्येक उंचवटा तिच्यात दिसणार, आणि चेंडू मनाला येईल तिकडे जाणार.

आम्हाला बॅडमिंटनच्या मापाचं कोर्ट हवं होतं, १३.४ बाय ६.१ मीटर. त्यावर मऊ चेंडूने छोटं टेनिस खेळायचं. चारी बाजूंना हलायला जागा धरून ८ बाय १६ मीटर आखलं. दोऱ्या ताणल्यावर दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरेपर्यंत कुदळ उचलू दिली नाही, आणि माझं एवढं एक पहिल्याच वेळी बरोबर आलं. मग २० सेंटिमीटर खणलं. म्हणजे २५ घनमीटरहून जास्त माती, आणि खणलेली माती फुगते, हे मला तिचा डोंगर बघून कळलं. ती न्यायची कुठे हे अंदाजपत्रकात कुणी लिहिलंच नव्हतं. डोंगर अजून तिथेच आहे. पोरं त्यावर बसून सामना बघतात.

खड्ड्यात आधी जिओटेक्स्टाइलचं, पाणी झिरपू देणारं कापड, म्हणजे खडी चिखलात रुतत नाही. त्यावर १५ सेंटिमीटर खडी, वर बारीक कच. आणि ढाळ : मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे ८ मीटरच्या रुंदीत या कडेपासून त्या कडेपर्यंत ८ सेंटिमीटर उतार. खेळताना कळत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो.

आमची चूक दबाईत झाली. खडी दोन-तीन थरांत टाकून प्रत्येक थर वेगळा दाबायचा असतो, कारण कॉम्पॅक्टरचा, म्हणजे दाबायच्या यंत्राचा, दाब फार खोल पोचत नाही. आम्ही सगळी खडी एकदम ओतली. काम करणारे म्हणाले, "चालतंय हो." मला सुट्टी संपायच्या आत खेळायचं होतं, म्हणून मीही मान डोलावली. वरून अगदी घट्ट लागत होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर एका कोपऱ्यात परातीएवढं तळं साचलं. तळं आटलं, खळगा राहिला. तिथे चेंडू पडला की टप्पा मरायचा. मुलगी तर मुद्दाम तिथेच मारायला शिकली. शेवटी त्या भागातली वाळू झाडून काढली, गवत उचललं, खडी उकरली आणि थराथराने पुन्हा दाबली. तीन दिवस गेले. पहिल्यांदाच नीट केलं असतं तर जास्तीचे दोन तास लागले असते.

वाळू म्हणजे गवतात भरायची, गोल कणांची सिलिका वाळू. चौरस मीटरला साधारण २० किलो, एकूण अडीच टन. तिच्यामुळे पाती उभी राहतात आणि गवत सरकत नाही. बागेसाठी मिळणारं लांब, मऊ गवत हाताला छान लागतं, पण त्यावर चेंडू उसळत नाही. म्हणून सांगते, नुसता हात फिरवून निवड करू नका.

गवताचा रोल ४ मीटर रुंद, त्यामुळे आमच्याकडे जोड एकच आला, बरोबर मधोमध. मधली पांढरी पट्टी तिथेच चिकटवली आणि जोड तिच्यात लपला. दोन्ही रोलची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर अर्धं कोर्ट गडद आणि अर्धं फिकट दिसतं.

वाळूसारखेच गवतात भरतात ते रबराचे दाणे आम्ही घातले नाहीत. ते बुटांतून घरभर होतात, शिवाय युरोपीय संघाने २०२३ मध्ये आठ वर्षांची मुदत देऊन त्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली आहे.

उन्हाचंही सांगते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोम या छतबंद बेसबॉल स्टेडियममध्ये खेळाडूंचे डोळे दिपतात म्हणून छताची पारदर्शक तावदानं रंगवली, आतलं खरं गवत मेलं आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत आलं. ऊन मिळेना म्हणून आलेली वस्तू, आणि आता उन्हातच तिच्यावर पाय ठेववत नाही! कडक दुपारी ती ६० अंशांच्या वर तापते. पाणी मारलं तर थोडाच वेळ बरं वाटतं. आम्ही सकाळी किंवा ऊन उतरल्यावरच खेळतो. एका खिडकीच्या काचेवरून परतलेल्या उन्हाने तर इस्त्री टेकवल्यासारखा पट्टा वितळवला. आता त्या काचेला बाहेरून जाळी आहे.

कोपरा पुन्हा बसलेला नाही. तरी पाऊस थांबला की मी आधी तिकडे जाते आणि एक चेंडू टाकून बघते.