हे वाक्य कुणासाठी होतं?

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी ‘सामाजिक चळवळींची भाषणं’ हा विषय घेतला. सुरुवात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३च्या ‘आय हॅव अ ड्रीम’ या भाषणापासून केली. रूपकं शोधली, पुनरुक्ती मोजली, सगळं ॲरिस्टॉटलच्या तीन खणांत घातलं: वक्त्याबद्दलचा विश्वास, भावना, तर्क. मार्गदर्शक बाईंनी कच्चा खर्डा वाचून एवढंच विचारलं, “यातलं कुठलं वाक्य कुणासाठी आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग न वटलेल्या चेकचं रूपक पुन्हा वाचलं. देशाने कृष्णवर्णीयांना दिलेला चेक ‘खात्यात पैसे नाहीत’ म्हणून परत आला, असं किंग म्हणतात. समोरच्या अडीच लाखांच्या गर्दीला अन्याय समजावून सांगायची गरजच नव्हती. हे रूपक घरी टीव्हीसमोर बसलेल्या, ‘जरा धीर धरा’ म्हणणाऱ्या गोऱ्यांपर्यंतही पोचायचं होतं. चेक म्हटला की हक्क मागणारा याचक राहत नाही, धनको होतो. एका शब्दाने नातं उलटं होतं, हे दिसलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याहून मोठा धक्का सोजर्नर ट्रुथ यांच्या भाषणाने दिला. ट्रुथ म्हणजे गुलामीत जन्मलेल्या, पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्री-हक्कांसाठी बोलणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाई. १८५१ साली ओहायोतल्या ॲक्रनच्या स्त्री-हक्क परिषदेत त्या बोलल्या. “मी बाई नाही का?” या त्यांच्या पालुपदावर मी आठ पानं लिहिली होती. पण त्याच वर्षी जूनमध्ये वर्तमानपत्रात छापलेल्या वृत्तांतात ते पालुपद नाहीच! ते येतं १८६३मध्ये, त्या परिषदेच्या अध्यक्ष असलेल्या फ्रान्सिस गेज यांनी लिहिलेल्या आठवणीत. तिथे ट्रुथ यांच्या तोंडी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गुलामांची म्हणून दाखवली जाणारी बोली आहे. ट्रुथ तर उत्तरेकडच्या न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या, लहानपणी डच बोलणाऱ्या.

म्हणजे मी ज्या वक्तृत्वाचा अभ्यास करत होते, ते बहुधा गेज यांचं होतं, गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या वाचकांसाठी रचलेलं. ती आठ पानं बाजूला ठेवताना वाईट वाटलं. पण जुन्या वृत्तांतातल्या ट्रुथ मला जास्त भिडल्या: मी नांगरलंय, कापणी केलीय, लाकडं फोडलीत, यापेक्षा पुरुष जास्त काय करतो? ही बाई दया मागत नाही, कामाचा हिशेब मांडते.

शेवटी दोन्ही पाठ शेजारी-शेजारी ठेवून ते प्रकरण नव्याने लिहिलं. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, यातला खरा कुठला? ट्रुथ यांना ऐकायचं असेल तर १८५१चा, मी म्हटलं. त्यांचा आवाज चळवळीने पुढे कसा वापरला हे पाहायचं असेल तर १८६३चा.