गरोदरपण, मद्य आणि केसपेपरवर नसलेला एक प्रश्न

गरोदर स्त्रीची दवाखान्यात पहिली नोंदणी होते तेव्हा केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, आधीची बाळंतपणे आणि घरात कोणाला मधुमेह आहे का, असे बरेच काही लिहून घेतले जाते. दारूचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही, आणि विचारलाच तर तो नवऱ्याविषयी असतो. आपल्याकडच्या बायका पीत नाहीत, हे डॉक्टरांपासून सासूबाईंपर्यंत सर्वांनी गृहीत धरलेले असते. या गृहीतकाची किंमत माझी मुलगी रोज मोजते आहे. म्हणून, तिचे नाव आणि आमचे गाव न सांगता, हे लिहितो आहे.

तिला फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे एफएएसडी आहे. आईच्या पोटात असताना मद्याचा संपर्क आल्यामुळे मेंदूच्या जडणघडणीत कायमचा फरक पडतो, आणि त्यातून निर्माण होणाऱ्या लहानमोठ्या अडचणींच्या संपूर्ण पट्ट्याला हे नाव आहे. मद्य वार (प्लॅसेंटा) ओलांडून थेट बाळाच्या रक्तात जाते. आईचे यकृत त्याचा निचरा करू शकते, पण बाळाचे यकृत अजून तेवढे तयार झालेले नसते, आणि गर्भजलात उतरलेले मद्यही काही काळ तिथेच राहते. चेहऱ्याची ठेवण ठरण्याचा काळ अगदी सुरुवातीचा, म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते तेव्हाचा असतो. मेंदू मात्र नऊही महिने घडत राहतो. त्यामुळे कोणत्याही महिन्यात दारू थांबवली तरी बाळाचा फायदाच होतो, हे घाबरलेल्या गरोदर स्त्रीला आवर्जून सांगायला हवे. मद्याचा संपर्क आलेल्या प्रत्येक बाळाला हा विकार होत नाही. आईचा आहार, तिची प्रकृती, पिण्याचे प्रमाण आणि पिण्याची पद्धत यांवर बरेच अवलंबून असते. तरीही इतके घेतले तर चालते, अशी सुरक्षित मात्रा आजवर कोणालाही सांगता आलेली नाही.

हे ज्ञान नवे नाही. फ्रान्समधील नांत शहरातले डॉक्टर पॉल लमवान यांनी १९६८ साली मद्यपी पालकांच्या १२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९७३ साली सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या लक्षणसमूहाला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिले. डोळ्यांच्या आखूड फटी, नाक आणि ओठ यांच्यामधली सपाट झालेली पन्हळ, पातळ वरचा ओठ आणि खुंटलेली वाढ, असे त्याचे वर्णन आजही पाठ्यपुस्तकांत असते. अडचण अशी की बहुसंख्य मुलांचा चेहरा असा नसतो. माझ्या मुलीचाही नाही. ती चारचौघींसारखी दिसते, गोड बोलते, पाहुण्यांना पाणी आणून देते, आणि त्यामुळे तिच्या मेंदूत काही वेगळे आहे हे कोणाला पटतच नाही.

ती आमच्याकडे दत्तक आली तेव्हा सोबत वैद्यकीय तपासणीचा अहवाल होता. त्यात लसीकरण, वजन, उंची, रक्ततपासण्या असे सर्व व्यवस्थित नोंदलेले होते, आणि जन्मदात्रीच्या गरोदरपणाच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच होते. ती शाळेत जाऊ लागल्यावर एका ठिकाणी अतिचंचलता सांगितली गेली, दुसरीकडे हट्टीपणा, आणि तिसरीकडे आमचे लाड. शेवटी एका विकासात्मक बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या जन्माआधीच्या काळाविषयी विचारले आणि संस्थेकडून मिळेल ती माहिती मिळवायला सांगितले. तिथल्या एका ज्येष्ठ समाजसेविकेला आठवत होते की ती मुलगी, म्हणजे माझ्या मुलीची आई, प्रसूतीपर्यंत दारू पीत होती. चेहऱ्यावर खुणा नसलेल्या मुलाच्या बाबतीत निदान याच माहितीवर अवलंबून असते. ती बाई भेटली नसती किंवा तिने ही गोष्ट सांगायचे टाळले असते, तर आज आमच्या हातात निदान नसते.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते सांगतो. सोमवारी संध्याकाळी ती साताचा पाढा न अडखळता म्हणते, आणि मंगळवारी सकाळी ‘सात त्रिक’ विचारले की माझ्याकडे असे बघते, जणू हा शब्द पहिल्यांदाच ऐकते आहे. गुरुवारी तो पाढा आपोआप परत येतो. शिकलेले साठवले जाते, पण हवे तेव्हा सापडत नाही, असे डॉक्टर म्हणतात. ‘डबा भर, बाटली घे आणि बूट घाल’ असे एका दमात सांगितले तर ती बाटली हातात घेऊन मोरीच्या दाराशी उभी राहते, कारण तीनपैकी मधलेच तेवढे उरलेले असते. एकदा तिला कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणायला पाठवले तर ती दूध घेऊन आली, आणि ‘काकांनी सांगितले की आईने फोन करून दूध मागवले आहे’ असे अगदी शांतपणे म्हणाली. असा फोन झालेलाच नव्हता. याला शाळेत खोटे बोलणे म्हणतात. स्मृतीत पडलेली फट मेंदू हाताशी असलेल्या कशाने तरी बुजवतो, आणि जे बुजवले जाते ते तिला स्वतःला खरेच वाटते. अशा मुलाला शिक्षा केली तर ते रडते, माफी मागते, पुन्हा करणार नाही म्हणून शपथ घेते आणि दुसऱ्या दिवशी तेच करते, कारण कालची शिक्षा आणि आजची कृती यांची सांगड घालणारा भागच दुबळा असतो. धाक वाढवून ही सांगड बसत नाही. एका वेळी एकच सूचना, भिंतीवर चित्रांचा दिनक्रम, रोज त्याच वेळी तीच गोष्ट, आणि तिच्या वयाच्या मुलांना लागते त्याहून बरीच जास्त सोबत, यांनी मात्र आमच्या घरातला आरडाओरडा खरोखर कमी झाला आहे.

मला सर्वांत जास्त त्रास होतो तो निदान कळल्यावर लोक जे पहिले वाक्य बोलतात त्याचा. ‘कसली आई असेल!’ माझ्या मुलीला नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या त्या स्त्रीविषयी असे बोललेले मी माझ्या घरात चालू देत नाही. तिला व्यसन होते, तिच्याजवळ कोणी नव्हते, आणि बहुधा तिला कोणी काही विचारलेही नव्हते. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात द्राक्षमळ्यांतील मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि जगातील एफएएसडीचे सर्वाधिक प्रमाण आज तिथे आढळते. तिथल्या आयांना दोष देणे जितके अन्यायाचे आहे, तितकेच ते इथेही आहे. शिवाय दोष देण्याचा परिणाम उलटाच होतो, कारण जिला शरम वाटते ती डॉक्टरांना खरे सांगत नाही आणि मग मुलाचे निदान होत नाही.

आणि आपल्याकडच्या बायका पीत नाहीत, हेही पूर्ण खरे नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का स्त्रियांनी मद्य घेत असल्याचे सांगितले, आणि अरुणाचल प्रदेशात हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. १ टक्का थोडा वाटतो, पण एवढ्या मोठ्या देशात त्याचा अर्थ लाखो स्त्रिया असा होतो. त्यातही घरी आलेल्या अनोळखी माणसाला कितीजणी खरे सांगतील, हा प्रश्न उरतोच. ताडी, मोहाची दारू, फेणी, शहरातल्या मेजवानीतली वाइन, यांत बाळाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. ‘वाइन म्हणजे फळांचा रसच’ असे सांगून गरोदर बायकोला किंवा मैत्रिणीला आग्रह करणारे सुशिक्षित पुरुष मी पाहिले आहेत. गरोदर स्त्रीच्या नवऱ्याने ते नऊ महिने स्वतःही सोडले तर तिला सोडणे कितीतरी सोपे जाते, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे बाटलीवर मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, असे छापणे बंधनकारक आहे; गरोदरपणाचा त्यात उल्लेख नाही. अमेरिकेत तो १९८९ पासून आहे. बाटलीवरची ओळ बदलायला सरकार लागेल. केसपेपरवरचा प्रश्न मात्र प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला, आरोग्यसेविकेला आणि आशाताईला उद्यापासून विचारता येईल, आणि तो सर्वांना, एकाच स्वरात, नवऱ्याला व सासूला बाहेर बसवून विचारायला हवा: दिवस गेल्याचे कळण्याआधी आणि कळल्यानंतर, कोणत्याही प्रकारची दारू कधी घेतली होती का? उत्तर ‘हो’ आले तर उपदेश न करता ते लिहून ठेवावे आणि सोडायला मदत करावी. दत्तक संस्थांनीही ही माहिती फाईलमध्ये लिहावी. तिच्यामुळे मुलाला घर मिळणार नाही अशी भीती त्यांना वाटते, ती मला समजते. पण घर मिळाल्यानंतर त्या घराला मूल समजण्यासाठी हीच माहिती लागते.

टोरांटोच्या बॉनी बक्स्टन आणि ब्रायन फिल्कॉक्स या दत्तक पालकांनी इतर काहीजणांच्या साथीने ९ सप्टेंबर १९९९ रोजी पहिला एफएएसडी दिवस पाळला. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी ९ वाजून ९ मिनिटांनी जगात अनेक ठिकाणी घंटा वाजवतात. आमच्याकडे त्या सप्टेंबरच्या आसपास सहामाहीची तयारी सुरू असते, आणि माझा वेळ नव्या वर्गशिक्षिकेला सगळे समजावण्यात गेलेला असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एफएएसडीचे नाव नाही. बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत असल्यामुळे बौद्धिक अक्षमतेत तिची गणना होत नाही, म्हणून आम्हाला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले. ते गणिताच्या पेपरला उपयोगी पडते, पण त्या दह्या-दुधाच्या प्रसंगाला नाही. म्हणून दर जूनमध्ये मी शाळेला एका पानाचे पत्र देतो. त्यात तिला काय जमते, काय जमत नाही, ती गोंधळली की कशी दिसते आणि तेव्हा काय करावे, एवढेच असते. अशा मुलाच्या कोणत्याही पालकाला ते पान हवे असेल तर मी आनंदाने देईन. त्यातले नाव बदलून आपल्या मुलाच्या सवयी लिहाव्यात, आणि शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यातच ते बाईंच्या हातात द्यावे.