खालच्या नळीवरचा टवका

रविवार, रात्री

सायकल काल आली. टवका आज सकाळी दिसला. डाव्या बाजूला, खालच्या नळीवर, बाटलीच्या स्क्रूंपासून चार बोटं वर. सेंटिमीटरभर लांब, चंद्रकोरीसारखा वळलेला, आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं चकाकतं ॲल्युमिनियम. एवढंच. उजवीकडून बघितलं तर सायकल निर्दोष आहे. आणि मी दिवसभर डावीकडेच उभी.

दुकानात दिसला नाही यात नवल नाही. तिथले एलईडी डोक्यावर असतात, उजेड सरळ वरून पडतो आणि नळ्यांची पोटं सावलीत राहतात. त्यात रंग मॅट. मॅटवर चरा दिसायला उजेड तिरका लागतो. नवी सायकल बघायची ती दुकानाच्या दारात, दिवसाउजेडी, आणि मोबाइलचा टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून, नळीच्याच दिशेने धरून. तसं धरलं की काही लपत नाही. हे आज उपयोगाचं नाही म्हणा.

आधी नख फिरवलं. अडकलं. नख अडकत नाही तो चरा फक्त वरच्या लॅकरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा असतो. त्यावर ओलं बोट फिरवलं की तो दिसेनासा होतो आणि वाळलं की परत येतो. हा पाण्याने गेला नाही. म्हणजे लॅकर गेलं, करडा रंग गेला, प्रायमर गेला आणि खाली ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम उघडं पडलं. हे सगळे थर मिळून जाडी ती किती? मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर थोडी जास्त. एवढ्यासाठी माणसाने जेवण सोडावं का? सोडलं नाही, जेवले. पण आमटीत मीठ नव्हतं हे आई बोलली तेव्हा कळलं.

मग तडा नाही ना ते पाहिलं. तडा बहुधा जोडाशी जातो, वेल्डिंगच्या कडेने. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीच्या मागे, नाहीतर सीटच्या नळीच्या तोंडाशी. बारीक सलग रेघ असते आणि तिच्यावरून कापूस फिरवला की तंतू अडकतात. वेल्डिंगपासून इतक्या लांब, कोरीच्या आकाराचा तडा जात नाही. पोचाही नाही. स्टीलची पट्टी नळीच्या लांबीवर उभी टेकवून पलीकडून उजेड पाहिला, फट नाही. पोचा असता तर काळजी होती, कारण बऱ्या फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात आणि त्या पातळ जागी पोचा पडला की नळीचा जोर कमी होतो. कार्बनची असती तर नाण्याने ठोकून आवाज ऐकत बसले असते. आसपास टणटणीत आणि एका जागी बद्द आवाज आला की आतल्या थरांत फट पडलेली असू शकते. इथे तसलं काही नाही. सायकलला काहीही झालेलं नाही. हे वाक्य मी आज बऱ्याचदा म्हटलं, आणि दर वेळी पुढे "मग?" येतंच.

दुपार गेली ती हे कुणी केलं ते शोधण्यात. सायकल डावीकडे पडली असती तर खुणा ठरलेल्या: पेडलचं बाहेरचं टोक, मुठीचं टोक, ब्रेक लिव्हरचं टोक, सीटची कड. चारही कोऱ्या. कुणी चक्कर मारून भिंतीला टेकवली असती तर चरा लांब आला असता, एका दिशेचा. हा भिंगाखाली धरला तर मुळात एक चरा नाहीच. बारीक रेघा एकीवर एक, सगळ्या एकाच कमानीत. घासून घासून झालेलं काम.

आणि असं घासणारी वस्तू एकच. सायकल खोक्यात येते तेव्हा पुढचं चाक काढून फ्रेमच्या डाव्या अंगाला झिप टायने बांधलेलं असतं, हँडल आडवं वळवलेलं, पेडलं वेगळ्या डबीत. आसाच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि नळ्यांवर फोमचे पाइप, हे सगळं नेमकं यासाठीच. टोपी गळून पडली किंवा फोम बोटभर सरकला, की आसाचं लोखंडी टोक नळीवर बसतं. मग लुधियाना ते पुणे, दीड हजार किलोमीटरच्या वर, ट्रकचा एकेक हादरा त्याच जागी. चाक काढून तिथे धरूनही पाहिलं. आसाचं टोक बरोब्बर टवक्यावर येतं.

म्हणजे गुन्हेगार कुणी नाही. याने बरं वाटायला हवं होतं. दुकानातल्या पोरावर चिडता आलं असतं तर निदान संध्याकाळ सत्कारणी लागली असती.

याच तपासात खरा दोष हाती लागला. मागचा हँगर वाकलेला. हँगर म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो धातूचा कान. मागे उकिडवं बसून पाहिलं तर डिरेलरचा पिंजरा सरळ लोंबायच्या ऐवजी स्पोककडे झुकलेला. खोकं उजव्या कुशीवर ठेवून वर वजन टाकलं की हे होतं. मधल्या गिअरना चेन कुरकुरत होती ती यामुळेच, आणि ही कुरकुर केबलचा ताण फिरवून जात नाही, जरी बहुतेक दुकानांत तेवढंच फिरवतात. पाचच्या ॲलन कीने डिरेलर सोडवला, त्याच दहा मिलिमीटरच्या आट्यांत हँगरचा वाक मोजायचं लांब दांड्याचं गेज बसवलं आणि रिमपर्यंतचं अंतर वर, खाली, पुढे, मागे असं मोजलं. दर वेळी चाक फिरवून व्हॉल्वची जागाच गेजसमोर आणायची, म्हणजे रिमचा आऊट, तिचं डुलणं, मापात शिरत नाही. खालचं अंतर वरच्यापेक्षा नऊ मिलिमीटर कमी भरलं. तीनच्या आत आलं की चालतं. सावकाश ओढत आणलं, गेजचा दांडा फ्रेमला समांतर दाबून. ॲल्युमिनियमचा हँगर पुढे-मागे वाकवत बसलं तर तुटतो. म्हणून एक जादा घरात असावा, आणि तो त्याच मॉडेलचा लागतो, कुठलाही चालत नाही. शेवटी डिरेलरवरचा 'एल' खुणेचा स्क्रू तपासला, चेन सगळ्यात मोठ्या चकतीच्या पलीकडे स्पोकमध्ये जाऊ नये म्हणून.

हे राहून गेलं असतं तर? कात्रजच्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाकायचा, डिरेलर स्पोकमध्ये शिरायचा, आणि डिरेलर, हँगर, चार-पाच स्पोक एका झटक्यात. वर मी रस्त्यावर आडवी. एवढा मोठा दोष, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. शिट्टी वाजवत काम केलं. हात धुतले आणि परत डावीकडे जाऊन उभी राहिले.

हँगर बिघडला होता, तो नीट झाला. टवका बिघडलेला नाहीच, त्यामुळे तो नीटही होत नाही. इथपर्यंत समजलं. पण तेवढ्याने भागत नाही. मला वाटतं, पहिला टवका माझा असायला हवा होता. पडणार तर होताच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या ॲक्टिव्हाचा स्टँड, लिफ्टचं दार, पावसात निसरड्या फरशीवरून सुटलेली सायकल, काही ना काही. त्याचं मी काही म्हटलं नसतं. आपण पोचण्याआधीच काहीतरी होऊन गेलेलं असतं आणि आपल्या हाती नवं म्हणून येतं, हे सायकलपुरतं नाही. ते मला माहीत आहे. आज त्यात शिरायचं नाही.

त्याला फोटो पाठवणार होते. दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. आईला दाखवलाच नाही. "तीट लागली म्हण, आता दृष्ट नाही लागायची," हे तिने म्हटलं असतं, आणि ते खरं मानायचा मोह झाला असता.

आता उपाय. रंग चकचकीत असता तर सोपं होतं. साबणाच्या पाण्याने जागा धुवायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, भोवती मास्किंग टेप. सुटलेल्या कडा हजाराच्या वॉटर पेपरने, तेही टवक्याच्या आतच. उघड्या ॲल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, धातूला धरून बसणाऱ्या एच (etch) प्रायमरचा ठिपका आधी लागतो. मग रंग, ब्रशने नाही, टूथपिकच्या टोकाने. पातळ थर, मध्ये अर्धा तास, पृष्ठभागाच्या जरासं वर येईपर्यंत. घाई करून एकच जाड थेंब सोडला की वर साय धरते, आत ओलं राहतं आणि वाळताना सुरकुत्या पडतात. वर लॅकर, आठवडाभर हात लावायचा नाही, मग दोन हजारचा ओला पेपर आणि रबिंग. रंगाची छटा मिळाली तर नेलपॉलिशही चालतं, टिकतंही. रिमूव्हर मात्र जवळ आणायचं नाही. ॲसिटोन मूळचा रंग उचलतो.

पण हे मॅट आहे. मॅट लॅकरचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, उजेड पसरावा म्हणून. त्यावर पेपर किंवा रबिंग फिरवलं की ती जागा गुळगुळीत होते आणि चकाकायला लागते. सेंटिमीटरभर टवक्याच्या जागी रुपयाएवढा चकाकता डाग. तो उजवीकडूनही दिसेल! शिवाय पाऊस सुरू झालाय. दमट हवेत लॅकर लावलं की उडणाऱ्या सॉल्व्हंटमुळे पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ होतं. दिवाळीपर्यंत हा विषय बंद.

लोखंडी फ्रेम असती तर थांबून चाललं नसतं, या हवेत दोन-चार दिवसांत तांबूस कड आली असती. बाबांच्या ॲटलस सायकलला दर वर्षी मृगाच्या आधी ब्लॅक जपानचा हात मिळायचा, त्यामुळे मूळचा एनॅमल कुठे संपतो आणि बाबांचा रंग कुठे सुरू होतो ते कुणाला सांगता आलं नसतं. ॲटलसचा साहिबाबादचा कारखानाही ३ जून २०२० ला थांबला, नेमका जागतिक सायकल दिनी. असो.

ॲल्युमिनियमचं बरं आहे. उघडं पडल्या क्षणी स्वतःवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतं आणि पुढे खात नाही. अलिबाग-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत कडेने पांढरी भुकटी धरते, रंग फुगतो. पुण्यात घामाचे थेंब पुसले तरी पुरे. म्हणजे टवक्याला काहीच करायचं नाही. खरी काळजी सीटच्या दांड्याची. तो वंगण न लावता तसाच नळीत राहिला तर एक-दोन पावसाळ्यांत आत चिकटतो आणि मग फ्रेम कापायची वेळ येते. बाहेर काढून पाहिला: कोरडा ठणठणीत. ग्रीस लावलं. याचंही वाईट वाटलं नाही.

पुढचे टवके कुठे पडणार ते ठरलेलं आहे. हेड ट्यूबवर केबल घासते तिथे, चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळीवर चेन आपटते तिथे, आणि खालच्या नळीच्या पोटावर, पुढचं चाक खडी उडवतं म्हणून. पहिल्या आणि तिसऱ्या जागी पारदर्शक फिल्म, चेनस्टेला जुनी ट्यूब उभी चिरून गुंडाळायची आणि दोन झिप टाय. म्हणजे ज्या टवक्यांवर माझा हक्क होता तेही मी पडू देणार नाही. यातला तर्क कुणी विचारू नये.

उद्या दुकानात जायचंय. बदलून मागणार नाही. दुसरीही अशाच खोक्यातून, अशाच ट्रकने आलेली असणार, आणि तिचा टवका शोधत बसायची आता हौस नाही. बहुतेक वॉरंटी कार्डांवर वेल्डिंग असतं, खरचटलेला रंग नसतो, त्यामुळे भांडूनही फार हाती लागत नाही. पण सांगायचं ते लगेच, महिन्याने कोण ऐकतं? टवक्याचा फोटो काढलाय, बाजूला पट्टी ठेवून. फ्रेम नंबर पेडलांच्या मधल्या नळीखाली ठोकलेला असतो, तो बिलाशी ताडून पाहिला, जुळतो. जादा हँगर फुकट मागणार आहे, तो माझा हक्कच झाला. मडगार्डही मागून बघते. ऐन जूनमध्ये मडगार्डशिवाय सायकल विकणारी माणसं टवक्याला काय लाजणार.