हॉलमधलं वितळलेलं घड्याळ

शेवटी स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं ते वितळणाऱ्या घड्याळांचं चित्र हॉलमध्ये लागलं एकदाचं. म्हणजे प्रिंट हो, ओरिजिनल 1931 चं, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहे आणि गंमत म्हणजे ते जेमतेम 24 बाय 33 सेंटीमीटर, आपल्या ए-फोर कागदापेक्षा थोडंसंच मोठं! मी मात्र 18 बाय 24 इंची मागवलं, कारण 2019 च्या पुरात आमच्या सांगलीच्या घराच्या भिंतीवर जो ओलीचा डाग पडला तो दोनदा रंग देऊनही परत वर येतो, तो झाकायचा होता, खरं कारण हेच.

फ्रेमवाल्याने आधी मापात बसत नाही म्हणून चित्राच्या कडा कापायला कात्रीच काढली, मी ओरडलो, कारण डाव्या कोपऱ्यातलं ते मुंग्या लागलेलं केशरी घड्याळच गेलं असतं की. मग पांढरा माउंट टाकून मोठी फ्रेम केली, पैसे जास्त गेले पण छान दिसतंय.

आई म्हणाली, "बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणतात, तू तर वितळलेलं आणलंस!" मी सांगितलं, उन्हात पघळणारं चीज बघून दालीला हे सुचलं म्हणे. तर म्हणे, "मग मुंग्या लागणारच."

दुसऱ्या दिवशी बघतो तर फडकं घेऊन काचेवरच्या मुंग्या पुसत होती.