चिमट्याचा जाम बोल्ट कसा निघाला

वर्सोव्यात समुद्राच्या इतक्या जवळ राहून बाईक बारा महिने उघड्यावर उभी करायची म्हटलं की गंज आलाच. माझी शंभर सीसीची बाईक जुनी आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण वळणावर मागचं चाक डुलायला लागलं होतं. मेन स्टँडवर घेऊन चाक आडवं हलवून पाहिलं तर चिमटाच हलत होता (चिमटा म्हणजे स्विंगआर्म, मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा आणि लांब बोल्टने फ्रेमला जोडलेला भाग). म्हणजे त्या जोडातले बुश, रबर बसवलेल्या नळ्या, गेले. मागचे शॉकअपही गळत होते, तेव्हा दोन्ही एकदमच करायचं ठरलं.

गॅरेजवाल्याने बोल्ट पाहिले आणि सरळ सांगितलं, "गॅसने कापावं लागेल." गॅसची ज्योत फ्रेमच्या त्या जोडाजवळ लागू देणं मला पटेना. पावसाळा संपला होता, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये जागा होती. वॉचमनला सांगून कोपरा अडवला.

आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवून लांब ठेवली. मग बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासले. हे कंटाळवाणं काम बहुतेक जण टाळतात, पण गंजाचा थर तसाच ठेवला तर नट त्याच थरावर येऊन पुन्हा अडकतो. लोखंड गंजलं की त्याचा ऑक्साइड मूळ धातूच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मुळात जागाच किती? मुंबईच्या हवेतलं मीठ हे काम आणखी लवकर उरकतं.

शॉकअपच्या बोल्टना गंज सोडवणारं पातळ तेल मारून रात्रभर ठेवलं. इथे एक सांगायला हवं. डब्ल्यूडी-40 हा स्प्रे म्हणजे 1953 साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी बनवलेला फॉर्म्युला. नावातला 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. तो बरा आहे, पण मुरलेल्या गंजासाठी त्याच कामाचं वेगळं, फटीत शिरणारं पेनिट्रेटिंग तेल घ्यावं.

आमच्या मजल्यावरचे काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. ते खाली आले, माझ्या हातातला बारा कोनी बॉक्स पाना पाहून म्हणाले, "हा ठेव बाजूला. सहा कोनी आण, नाहीतर नट गोल करशील. आणि आधी घट्ट कर."

"घट्ट, काका?"

"हो रे, किंचित. गंज तुटला पाहिजे ना. मग सैल कर, परत घट्ट कर. कर्र आवाज आला की थांबून तेल दे."

चौदा मिलिमीटरच्या सॉकेटला लांब हँडल लावलं आणि तसंच पुढे-मागे करत गेलो. झटका द्यायचा नाही, वजन हळूहळू टाकायचं. वरचे दोन्ही निघाले. खालचा एक हटून बसला, तेव्हा गरम हवा सोडणाऱ्या हीटगनने नट तापवला. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. दहा मिलिमीटरचं भोक 200 अंशांनी तापलं तरी ते जेमतेम 0.024 मिलिमीटरने मोठं होतं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्यात गंजाला तडा जातो. तापवण्याआधी तेल आणि ब्रेक क्लीनर पुसून काढायचाच. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापला की विषारी वायू होतो. आणि आत नायलॉनचं कडं असलेला लॉकनट एकदा तापला की फेकून नवा घ्यायचा.

खरी लढाई चिमट्याच्या लांब बोल्टशी झाली. गंमत म्हणजे त्याचा नट सहज निघाला. नट पुन्हा आट्यांवर बोल्टच्या टोकाशी सपाट येईल इतका चढवला, म्हणजे हातोडी आट्यांवर बसणार नाही, आणि तांब्याचा ठोकळा धरून ठोकलं. बोल्ट ढिम्म. दुसरीकडून डोकं पान्याने फिरवलं तर थोडं फिरलं आणि सोडल्याबरोबर परत मागे आलं. रोग तिथे कळला. बोल्ट आट्यांत अडकलेलाच नव्हता. चिमट्याच्या दोन्ही बुशांत रबर असतं आणि रबराच्या आत लोखंडी नळी. बोल्ट त्या नळीला पूर्ण लांबीभर गंजून चिकटला होता. मी फिरवत होतो ते रबर, आणि रबर स्प्रिंगसारखं परत येत होतं. टोकांशी कितीही तेल ओता, ते आत पोचणार कुठून? तापवावं तर रबर जळणार.

बुश नवे टाकायचेच होते, त्यामुळे त्या नळीची दया करण्याचं कारण नव्हतं. नागदेवी स्ट्रीटवरून बायमेटल हॅक्सॉ ब्लेड आणले. बुशाच्या कडेची धुळीची रबरी टोपी काढली की चिमटा आणि फ्रेमच्या मधे नळीचं टोक जरासं दिसतं. फ्रेम खरवडू नये म्हणून मधे पातळ पत्रा सरकवला, ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि नळीसकट बोल्ट कापायला बसलो. ग्राइंडर तिथे शिरत नाही. हळूहळू, सुट्या ब्लेडने, मधेमधे तेलाचा थेंब टाकत. दोन्ही बाजू कापायला रविवार गेला आणि चिमटा हातात आला. फ्रेममध्ये उरलेले तुकडे पंचने ठोकून निघाले. जुने बुश अंधेरीतल्या लेथवाल्याने हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढले आणि नवेही त्यानेच बसवले.

नवा बोल्ट मात्र हार्डवेअरच्या दुकानातून मापाने उचलू नये. डोक्यावर 8.8 असलेला मिळेल (हा मजबुतीचा आकडा: 800 मेगापास्कल ताणशक्ती आणि तिच्या 80 टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो), पण त्याचे आटे बऱ्याचदा लांबपर्यंत असतात. नळीच्या आत आटे येता कामा नयेत, तिथे गुळगुळीत दांडा लागतो. मी गाडीचा मूळ स्पेअर पार्टच घेतला.

दांड्याला पूर्ण लांबीभर ग्रीस चोपडलं, आटे मात्र कोरडे ठेवले. मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचा आकडा, सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावून तोच आकडा गाठला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. शेवटचं आवळणं गाडी स्टँडवरून उतरवून, वजन चाकावर आल्यावर केलं. लटकत्या चिमट्यावर आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात.

चाक आता डुलत नाही. मेन स्टँडची पिनही गंजलीय. काकांनी वाकून पाहिली, म्हणाले, "फिरतेय ना? मग हात लावू नकोस."